मदत हवी आहे: वाचनालयातल्या जुन्या संगणकांवर मिंट टाकू की डेबियन?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. सगळे चौथ्या पिढीच्या आय3 चे, 4 जीबी रॅमचे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. अनुदानात नवे संगणक बसत नाहीत. देणगीतून सहा एसएसडी मात्र घेता आल्या. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकायला कार्यकारी मंडळ तयार आहे. मिंट, डेबियन, फेडोरा, उबुंटू हे तिचेच प्रकार, त्यातलं कोणतं टाकायचं ते माझ्यावर सोपवलंय.

स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे ऑनलाइन अर्ज भरतात, हॉलतिकीट छापतात, लेक्चर बघतात. ग्रंथपाल बाई मराठीत पत्रव्यवहार करतात. मी पुण्यात असतो, गावी जाणं सणासुदीलाच होतं. त्यामुळे माझ्या माघारी बाईंना न घाबरता जे सांभाळता येईल, तेच टाकायचं.

फेडोरा मला स्वतःला फार आवडतं. रॅममधला मजकूर दाबून जागा करणारं झेडरॅम तिथे मुळातच चालू असतं, आणि 4 जीबीच्या यंत्राला त्याचा मोठा आधार होतो. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीला सपोर्ट साधारण तेरा महिन्यांचा. दरवर्षी सहा यंत्रं अपग्रेड करायला तिथे कोणी नाही. उबुंटू 24.04 ला पाच वर्षं मिळतात, पण त्याचा ग्नोम डेस्कटॉप एवढ्या रॅममध्ये जड पडतो आणि फायरफॉक्स स्नॅपमधून (उबुंटूची ॲप बसवायची स्वतःची पद्धत) येतो, तो पहिल्यांदा उघडायला वेळ खातो.

उरले दोन: मिंट 22 (एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं) आणि डेबियन 13.

मिंट उबुंटू 24.04 वरच उभं आहे, पण त्यात स्नॅप नाही. सपोर्ट 2029 पर्यंत. मेन्यू विंडोजवाल्याला लगेच कळेल असा, आणि काही बिघडलं तर टाइमशिफ्टने मागच्या स्थितीत जाता येतं, हे बाईंना फोनवरूनही समजावता येईल. पण माझं मन तिकडे ओढतंय ते गेस्ट सेशनमुळे. आज आमच्या कुठल्याही संगणकावर डाउनलोड फोल्डर उघडा: आधार कार्डं, दहावीच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, सही-फोटोचे स्कॅन, सगळं तसंच पडलेलं असतं. अर्ज भरून झाला की पोरं पेनड्राइव्ह काढून निघून जातात, ईमेलसुद्धा उघडं राहतं. एखाद्या मुलीचा फोटो आणि मोबाइल नंबर असा कुणाच्याही हाती लागावा, हे मला अजिबात सहन होत नाही. मिंटच्या लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनला परवानगी दिली की पाहुणा म्हणून कोणीही बसू शकतं आणि लॉगआउट होताच त्याचं सगळं पुसलं जातं. सार्वजनिक जागेला याहून उपयोगी गोष्ट नाही.

डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं. एलटीएस म्हणजे वाढीव सपोर्ट धरून पाच वर्षं मिळतात, रॅम कमी खातं, आणि अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे फारसं काही हलत नाही. पूर्वी वायफायचं फर्मवेअर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) वेगळं शोधावं लागायचं, आवृत्ती 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. पण गेस्ट सेशन तिथे तयार मिळत नाही.

प्रिंटर एचपी लेझरजेट 1020 प्लस आहे. तो चालू केला की दर वेळी संगणकाकडून त्यात फर्मवेअर जावं लागतं. त्यासाठी एचपीलिपचं (लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) प्लगइन लागतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावीच लागते. एचपीलिप बदललं की प्लगइन पुन्हा घाला. इथे मिंट आणि डेबियन दोन्ही बरे, कारण वर्षानुवर्षं तीच आवृत्ती राहते.

मराठी टायपिंगची चिंता नाही. लिनक्सवर भाषा बदलून टाइप करायच्या आयबस या सोयीत इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि बाईंना तोच येतो. सभांची जुनी इतिवृत्तं मात्र श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट टाकला की लिबरऑफिसमध्ये अक्षरं दिसतात, पण ती युनिकोड नसल्याने शोधता येत नाहीत. ती हळूहळू युनिकोडमध्ये आणायची आहेत.

ज्यांनी शाळेत, वाचनालयात किंवा सायबर कॅफेत असं चालवलंय, त्यांनी कृपया सांगावं:

मिंटच्या गेस्ट सेशनमध्ये डाउनलोड केलेल्या फायली रॅममध्येच राहतात का? तसं असेल तर 4 जीबीत दोन-तीन मोठ्या पीडीएफ आणि यूट्यूब एकत्र चालतात का, की आधी रॅम वाढवू? डीडीआर3 जुन्या बाजारात स्वस्त मिळते, त्यामुळे तेवढी वर्गणी काढता येईल.

एक यंत्र नीट बसवून त्याच्याच डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्या पाचांवर उतरवायची असेल तर क्लोनझिला वापरू की प्रत्येकावर वेगळं इन्स्टॉल करू?

तूर्तास माझा कल मिंटकडे आहे. डेबियन सुचवणाऱ्यांनी गेस्ट सेशनची सोय कशी लावली, तेवढं जरूर लिहा.