एमएड की एमए एज्युकेशन? मुंबईत, नोकरी सांभाळून. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते, पाचवी ते आठवीला मराठी आणि इतिहास. बीए, मग बीएड (2015 नंतरचं दोन वर्षांचं). आता शिक्षणशास्त्रातच मास्टर्स करायचं हे नक्की आहे. कारण पाचवीत येणारी काही मुलं जोडाक्षर आलं की थबकतात, काही जण धडा घडाघडा वाचतात पण काय वाचलं विचारलं की गप्प, आणि हे का होतं नि मी नेमकं काय करायचं ते बीएडला शिकवलंच नाही, पाठ टाचण आणि सराव पाठ यातच वर्षं गेली.

स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात एमएडच (बीएडच्या पुढची पदवी) कर, एमएला कोण विचारतंय. पण मी एनसीटीईची (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) 2014 ची नियमावली वाचली, त्यात बीएड कॉलेजला फाउंडेशनचे (पायाभूत, तात्त्विक) विषय शिकवायला 55 टक्क्यांनी एमए एज्युकेशन आणि सोबत बीएड हेही चालतं असं लिहिलंय. नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) सुद्धा एज्युकेशन विषयात एमएवर देता येते. मग प्रत्यक्ष इंटरव्ह्यूला खरंच धरतात का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, माझं बरंचसं यावरच अडलंय.

एमएडच्या प्रवेशाला बीएडमध्ये 50 टक्के लागतात ते आहेत, सीईटी (प्रवेश परीक्षा) ही देईन, पण दोन वर्षं रेग्युलर, त्यात इंटर्नशिप आणि डिझर्टेशन (लघुप्रबंध), म्हणजे बिनपगारी रजाच. त्यासाठी मुंबई विद्यापीठाचं कलिना मला कुर्ल्यावरून जवळ पडेल. देवनारच्या टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमए मनापासून आवडलंय, तिथे बीएडची अट नाही त्यामुळे सामाजिक संस्थांमध्ये काम करणारी, वेगळ्याच विषयांतून आलेली माणसं वर्गात असतील आणि आम्हा शिक्षकांना जे दिसत नाही ते त्यांना दिसेल असं वाटतं. पण तेही फुलटाइम, आणि वाचायचं सगळं इंग्लिशमध्ये. माझं शिक्षण मराठीतून झालंय, वाचून समजतं, पण वीस पानी पेपर लिहायची सवय नाही. मराठी माध्यमातून जाऊन तिथे टिकलेलं कोणी आहे का इथे? पहिल्या सेमिस्टरला कसं निभावलंत?

तिसरा पर्याय इग्नूचा, म्हणजे मुक्त विद्यापीठातून घरबसल्या एमए. नोकरी न सोडता होईल, घरचेही त्याच्याच बाजूने आहेत आणि पैशांचा विचार करता त्यांचं बरोबरच आहे. पण मला चर्चा करायला माणसं हवीत, माझ्या वर्गातलं उदाहरण मांडल्यावर कोणीतरी उलट प्रश्न विचारायला हवा, ते घरी असाइनमेंट लिहून कसं होणार? इग्नू केलेल्यांनी सांगा, काउन्सेलिंग सेशनला (अभ्यासकेंद्रावरच्या तासांना) तसं काही होतं का?

अजून एक, वाचन शिकण्यावर, तेही मराठीतून, डिझर्टेशन करायचं असेल तर यातलं कुठे जास्त वाव मिळेल?

प्रॉस्पेक्टस वाचून झालेत, मला केलेल्या माणसांकडून ऐकायचंय. रजेचा अर्ज शाळा सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापकांना द्यावा लागेल, म्हणून जरा लवकर कळवा.