मदत हवी आहे: नवीन सिस्टिम टाकल्यापासून मराठी मॅटर वाचताच येत नाही (अर्जंट)

चोपडा_ऑफसेट
नमस्कार मंडळी. दुकानातला कॉम्प्युटर फार अडकायचा, म्हणून भाच्याने सुट्टीत येऊन विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. "मामा, आता बघा कसा पळतो" म्हणाला आणि पुण्याची गाडी धरली. पळतो खरा. पण मराठी येत नाही, सगळा इंग्रजी कचरा दिसतो. प्रिंटरही गप्प बसलाय. लग्नसराई तोंडावर आहे, दोन पत्रिकांची बटरं (प्लेट बनवायला बटर पेपरवर काढलेल्या प्रिंटा) उद्या सकाळी द्यायची आहेत आणि एक पार्टी आत्ताच दुकानात येऊन बसलीय. काय करू ते पटकन सांगा, लांबड लावू नका.

मिंट_म्हणजे_मिंट
सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, तिथे मराठी जोडा. झालं काम.

चोपडा_ऑफसेट
ते केलं. कोऱ्या पानावर मराठी उमटतं, पण एक अक्षर माझ्या बोटाला ओळखीचं नाही. क दाबावं तर भलतंच येतं. आणि जुनी फाइल होती तशीच.

सातपुड्याखाली
दादा, लिनक्स कोणतं? जुनी फाइल कशात केलेली? फॉन्ट कोणता? प्रिंटरचं मॉडेल काय? विंडोज पार पुसलंय की शेजारी ठेवलंय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार, पंचांग उघडू का?

चोपडा_ऑफसेट
चालू करताना हिरवं गोल चिन्ह येतं. फाइल पत्रिकेची आहे. प्रिंटर साधा लेझर, सगळ्यांकडे असतो तो.

जळगाव_एमआयडीसी
"सगळ्यांकडे असतो तो" हे मॉडेल गुगलवर सापडलं नाही.
माझं ऐका, हे फुकटचं लचांड काढा आणि सरळ विंडोज ११ टाका. धंद्याच्या मशीनवर प्रयोग कशाला?

मिंट_म्हणजे_मिंट
कशावर टाकणार? ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. अडकणारा जुना डबा म्हणतायत ते. आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. भाच्याने केलं ते बरोबरच केलं.

जळगाव_एमआयडीसी
सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडतो का? आमच्याकडे एका मशीनवर अजून ७ चालू आहे.

मिंट_म्हणजे_मिंट
आणि त्यावरच नेट बँकिंग करता ना? करा, करा.

धुळ्याना_भो
भो, भाचाले फोन लाव ना! त्यानी करी ठेवेल शे, त्यालेच निस्तरू दे.

चोपडा_ऑफसेट
लावला. कंपनीत मीटिंगमध्ये आहे म्हणे. रात्री करतो म्हणाला. पार्टीला रात्री कळवू का?

केळीवाला_रावेर
मिंटवर टॅली चालतं का? आमच्याकडे गाडी भरताना बिल तिथल्या तिथे लागतं. सध्या विंडोज १० आहे.

सातपुड्याखाली
केळीवाले भाऊ, तुमचा वेगळा धागा काढा.
चोपडा दादा, हिरवं चिन्ह म्हणजे लिनक्स मिंट. आता पत्रिकेच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे तेवढं सांगा. प्रिंटरच्या अंगावर काय छापलंय तेही. बाकी काही करू नका.

चोपडा_ऑफसेट
पी६५ आहे. काहींना पीएमडी. पेजमेकर हो, पानं मांडायचा प्रोग्रॅम, दुसरं काय असणार. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. फॉन्ट डीव्हीबी-टीटी सुरेख, हेडिंगला योगेश. सी ड्राइव्ह भाच्याने साफ केलाय. डी वरचा माझा सगळा डेटा शाबूत आहे, ते पाहूनच त्याला हात लावू दिला होता.

सातपुड्याखाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर पार्टीचा चहा वाचला असता.

आता नीट वाचा, कारण वर दिलेलं कीबोर्डचं उत्तर तुमच्या जुन्या फाइलींना लागूच नाही. सुरेख, योगेश, कृतिदेव, शिवाजी हे सगळे युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. फाइलमध्ये आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार काढून दाखवतो. सी ड्राइव्हबरोबर फॉन्ट गेला आणि आतला माल उघडा पडला. तुमचं "आमच्या येथे श्रीकृपेकरून" फाइलमध्ये जसंच्या तसं आहे, त्याला फक्त त्याचा फॉन्ट परत द्यायचा आहे. मराठी कीबोर्ड कितीही जोडा, त्याने हे सुटणार नाही.

फॉन्टच्या फाइली कुठे मिळतील ते बघा. आयएसएमची (हे फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर येतात त्याची) सीडी असेल. नाहीतर मल्टिकलर कामं जळगावला पाठवताना फाइलबरोबर फॉन्ट देत असाल, ते फोल्डर डी वर कुठेतरी असेलच.

चोपडा_ऑफसेट
सीडी कपाटात आहे पण या मशीनचा सीडी ड्राइव्ह कधीच मेलाय. जळगावचं फोल्डर शोधतो.

बॉस_समर्थक
एवढ्या चर्चेत आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या बॉस लिनक्सचं नाव कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तुमचे फॉन्टही सी-डॅकचेच. आपलं सोडून बाहेरचं कशाला? केरळात शाळाशाळांतून मुलं लिनक्सवर शिकतात, आणि आपण अजून पेजमेकर धरून बसलोय.

जळगाव_एमआयडीसी
उद्या सकाळी बटर द्यायचंय त्यांना, केरळात नाही जायचं.

पाचोरा_एक्सप्रेस
वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्यात पेजमेकरच चालवा. दोन्ही दगडांवर पाय.

मिंट_म्हणजे_मिंट
पुढे निवांत वेळ असेल तेव्हा. आज पार्टी समोर बसलेली असताना वाइन नको. (कोणतीच नको.)
मिंटमध्ये लिबरऑफिस (ऑफिसकामाचा फुकट संच) आधीपासून असतं. त्यातलं ड्रॉ उघडा आणि पी६५ फाइल त्यात टाका. २०१५ पासून लिबरऑफिसला पेजमेकरच्या फाइली वाचता येतात. मांडणी थोडी हलते, चौकटी इकडेतिकडे जातात, पण मजकूर येतो. कोरल या चित्रांच्या प्रोग्रॅमच्या सीडीआर फाइलीही ड्रॉमध्ये उघडतात, तुमचे गणपती आणि बॉर्डर त्यात असतील.

चोपडा_ऑफसेट
फॉन्ट सापडले! जळगावच्या फोल्डरमध्येच होते. डबल क्लिक केलं तर अक्षरांचा नमुना दिसतो, पुढे काय?

सातपुड्याखाली
होम फोल्डर उघडा, कंट्रोल आणि एच एकदम दाबा. लपलेली फोल्डरं दिसतील, त्यांची नावं टिंबाने सुरू होतात. त्यात फॉन्ट्स नावाचं नसेल तर नवीन करा: आधी टिंब, जागा न सोडता लगेच इंग्रजीत छोट्या लिपीत फॉन्ट्स. सगळे फॉन्ट त्यात कॉपी करा. लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

मुग्धा_शिरपूर
दादा, प्रिंटरचं मी सांगते, आमच्या शाळेत हाच आहे. हा प्रिंटर स्वतःचा प्रोग्रॅम पोटात ठेवत नाही. चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने तो पाठवावा लागतो. विंडोजमध्ये ते आपल्या नकळत होतं. लिनक्समध्ये त्यासाठी एचपीचं एक प्लगइन (छोटा जोडप्रोग्रॅम) एकदा उतरवावं लागतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एचपीलिप (एचपीचे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) शोधा, त्यातलं खिडकीवालं (जीयूआय) टाका, मग मेनूतून एचपी डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रिंटर जोडा. प्लगइन हवं का असं विचारेल, हो म्हणा. तोवर नेट चालू ठेवा.

केळीवाला_रावेर
ताई, मग तुमच्या शाळेत टॅली कशावर करता?

मुग्धा_शिरपूर
शाळेत टॅली कशाला लागेल भाऊ?

चोपडा_ऑफसेट
सुरेख आला!! अक्षर डोळ्यासमोर फिरलं. पार्टीच्या आजोबांनी पण बघितलं. पण एक गडबड आहे. नावांच्या यादीत काही ठिकाणी अक्षर गळतंय. वराच्या मामांचं आडनाव अर्धंच दिसतं. आमच्याकडे पत्रिकेत सगळं भाऊबंद छापायचं असतं, तुम्हाला माहीतच आहे, एक नाव चुकलं तर मांडवात उभं राहता येणार नाही.

सातपुड्याखाली
याची भीती होतीच. या जुन्या पद्धतीच्या काही फॉन्टांत एखादा आकार अशा जागी बसवलेला असतो, जी जागा आजचे प्रोग्रॅम ओळ तोडायच्या छुप्या जोडरेघेसाठी धरतात. म्हणजे अक्षर फाइलमध्ये आहे, पण प्रोग्रॅम ते दाखवायचं नाही असं समजतो. त्यामुळे जुन्या छापील पत्रिकेशी ओळ न् ओळ ताडून पाहा. नुसतं वरवर बघून बटर काढू नका.

आणि तसंही नावं बदलणारच ना? मग यादीचा सगळा भाग काढून टाका आणि युनिकोडमध्ये नवा टाइप करा. वरचं हेडिंग, श्लोक, बॉर्डर जुनं राहू द्या. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट फुकट आहे, छपाईत भारदस्त दिसतो. मुक्ता साधा पण स्वच्छ.

जळगाव_एमआयडीसी
मुक्ताचा ल आणि श बघा आधी. हिंदी वळणाचे येतात. पत्रिकेवर तसला ल दिसला तर वधूपिता विचारेल, कुठल्या इंदूरहून छापून आणली?

मिंट_म्हणजे_मिंट
मजकूर निवडून भाषा मराठी करा, मुक्तातही मराठी वळणाचे येतात. टिरोच्या मराठी आवृत्तीत मुळातच मराठी ल-श आहेत, काही करावं लागत नाही. निदान या एका मुद्द्यावर तुमचं म्हणणं मान्य.

जळगाव_एमआयडीसी
लिहून ठेवतो.

चोपडा_ऑफसेट
टाइप कसं करू? माझं सगळं टायपिंग मशीनवर शिकलेलं, मराठी ४० पास आहे. हात तसेच जातात. इथला कीबोर्ड वेगळाच आहे.

मिंट_म्हणजे_मिंट
तुम्ही जोडला तो इनस्क्रिप्ट. तुम्हाला रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरसारखा, हवा. मेनूत इनपुट मेथड शोधा, आयबस (कीबोर्ड बदलायचा प्रोग्रॅम) टाका, आणि त्यासोबत एम१७एन नावाचा कीबोर्डांचा संच. लॉग आउट करून परत या, मग आयबसच्या यादीत रेमिंग्टन दिसेल. खरं तर इनस्क्रिप्ट शिकून घ्या, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आठवड्यात हात बसतो.

जळगाव_एमआयडीसी
झालं, आता उद्या सकाळपर्यंत नवीन कीबोर्ड शिकवा त्यांना.

पाचोरा_एक्सप्रेस
गमभन घ्या, इंग्रजीत लिहा मराठी उमटेल. मी तर तेच वापरतो.

धुळ्याना_भो
ज्यानं बोट मशीनवर बसेल शे, त्याले तुम्ही ती शिकाडी राहयनात! रेमिंग्टनच लावा भो.

मुग्धा_शिरपूर
रेमिंग्टनच बरं. पण दादा, यादी टाइप झाल्यावर एकदा पार्टीकडून मोठ्याने वाचून घ्या. युनिकोडमध्ये र चे प्रकार आणि जोडाक्षरं मशीनपेक्षा वेगळ्या क्रमाने दाबावी लागतात, सवयीने उलटी पडतात.

बॉस_समर्थक
बॉसमध्ये हे सगळं आधीच असतं.

चोपडा_ऑफसेट
रेमिंग्टन मिळाला. रफार जरा वेळ घेतोय, बाकी जमतंय. प्लगइन उतरलं, प्रिंटरने खरखर केली. पण पहिली प्रिंट पत्रिकेच्या मापापेक्षा लहान आली. स्केलने मोजली, चारही बाजूंनी आत आहे.

मुग्धा_शिरपूर
प्रिंटच्या खिडकीत "पानात बसवा" असं काहीतरी निवडलेलं असेल. ते काढून शंभर टक्के करा. कागदाचं माप पण बघा, लेटर असेल तर ए४ करा. आधी साध्या कागदावर काढा, मग बटर लावा.

सातपुड्याखाली
आणि मिरर लागत असेल तर आधी तुमच्या प्लेटवाल्याला विचारा, उलटं की सुलटं. ड्रॉमध्ये सगळं निवडून फ्लिप करता येतं, पण ते सगळ्यात शेवटी करा, नाहीतर चुका दुरुस्त करताना आरसा घेऊन बसावं लागेल. करण्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवा.

चोपडा_ऑफसेट
माप जुळलं. आजोबा यादी वाचतायत, आत्ता काकांपर्यंत आलेत. दुसरी पत्रिका पीएमडीत आहे, ती उघडल्यावर गणपती दिसत नाहीय, जागा रिकामी आहे. तो कोरलमधून आणला होता का ते आठवत नाही. त्याची मूळ फाइल कशी ओळखायची?