मे महिन्याची सुट्टी, घरची गाडी आणि कोकणातली अभयारण्यं: तुमचे अनुभव सांगा

परीक्षा संपल्या की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणाकडे तोंड करतात. मासे, आंबे, समुद्रस्नान, आणि परत. पण याच वाटेवर कर्नाळा आहे, फणसाड आहे, वेळासची कासवं आहेत, मालवणचं सागरी अभयारण्य आहे आणि आंबा घाट चढून गेलं की चांदोली राष्ट्रीय उद्यान. लेकराबाळांना घेऊन, घरची गाडी काढून ही जंगलं ज्यांनी सहलीला जोडली त्यांनी इथे जरूर लिहा. हॉटेलांचे दर नकोत, ते सगळीकडे मिळतात. काय दिसलं, कुणी दाखवलं, मुलं कुठे रमली ते हवंय. सुरुवात मीच करते.

आम्ही पनवेलहून पहाटे निघतो आणि पहिला थांबा कर्नाळ्याला घेतो. महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे वाट वाकडी करावी लागत नाही. 1968 साली जाहीर झालेलं हे पक्षी अभयारण्य जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं आहे, पण सकाळी सातच्या आत झाडीत शिरलात तर भृंगराज आणि तांबट दोघेही हजेरी लावतात. माझ्या धाकटीला स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरी लांब शेपटी फांद्यांतून ओढत नेणारा नर. दिवसभर गाडीत तिने दुसरा विषय काढला नाही. नऊनंतर मात्र गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतात, तेव्हा निघावं हे बरं.

खरा मुक्काम फणसाडला. अलिबाग, रेवदंडा, काशीद करत नांदगावहून आत सुपेगावला वळायचं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव जंगल, 1986 मध्ये अभयारण्य झालं. मे महिन्यात इथे काय बघणार, सगळं वाळलेलं असेल, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. उलट आहे. जंगलात पाणी मोजक्या जागी उरतं, आणि सगळं जंगल तिथेच येतं. या बारमाही पाणवठ्यांना इथले लोक 'गाण' म्हणतात. चिखलगाण हे त्यातलं एक. वनखात्याने लावून दिलेल्या वाटाड्या दादांनी मुलांना आधी पाण्याकाठचा चिखल वाचायला शिकवलं: हा सांबराचा खूर, हा भेकराचा लहान, ही मोराची बोटं. मग झाडाआड बसवलं. तासभर काही नाही. तेवढ्यात वर फांदीवर खसखस झाली आणि शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी, तांबूस अंग आणि अंगापेक्षा मोठी शेपटी, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, हे दादांनी एकेक घरटं बोटाने दाखवत सांगितलं. परतताना गारंबीचा वेल दाखवला. त्याची शेंग हातभरापेक्षा लांब असते. थोरल्याने ती आपल्या उंचीशी लावून बघितली आणि दादांच्या सांगण्यावरून होती तिथेच ठेवली.

ठाण्याहून, जुळ्या मुलग्यांचे बाबा

ताई, फणसाडला गिधाडांबद्दल विचारलंत का? आमच्या मुलांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावर विचारले. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. फणसाडच्या परिसरात त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवण्याची सोय केली गेली, तिकडे म्हसळ्याच्या चिरगावात गावकऱ्यांनी घरट्यांची झाडं सांभाळली. आम्हाला एकच गिधाड दिसलं, खूप उंच, पंख न हलवता फिरणारं. दहा वर्षांची पोरं मान दुखेस्तोवर वर बघत होती. वाघ दाखवायला नेलं असतं तर एवढी बोलली नसती, असं मला मनापासून वाटतं.

चिपळूणहून, शिक्षिका

वेळासबद्दल लिहिते, कारण दरवर्षी मे महिन्यात लोक मला विचारतात आणि मे महिन्यात बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कासवांची पिल्लं मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात. परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपत असेल तर लगेच निघा, आणि निघण्याआधी गावात फोन करून घरटी शिल्लक आहेत का ते विचारा.

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते, पुन्हा फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास वेळासला काम सुरू केलं, आणि ज्यांना अंड्यांच्या जागा ठाऊक होत्या त्याच गावकऱ्यांच्या हाती राखण आली. आता कासवमित्र पहाटे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, माग काढतात, अंडी कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून बघतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात. उरलेलं अंतर ती स्वतः चालतात.

मी वर्गातल्या मुलांना घेऊन दोरीच्या मागे बसले होते. टोपलीखाली त्या सकाळी काहीच नव्हतं. मुलांची तोंडं उतरली, पण एकानेही परत चला म्हटलं नाही. संध्याकाळी पिल्लं निघाली. एक लाटेने उलटं झालं, सरळ झालं, पुन्हा चालू लागलं, आणि माझा सगळ्यात दंगेखोर विद्यार्थी कुजबुजत त्याला "चल, चल" म्हणत होता. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हे मी वर्गात शिकवलं होतं. तिथे अनवाणी उभं राहिल्यावर ते त्यांना कळलं.

मुक्काम गावातल्या घरांतच करा. केळीच्या पानावर जेवायला वाढतात, आणि तो पैसा कासव राखणाऱ्या गावातच राहतो.

हर्णैहून

मी इथलाच, म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. किनाऱ्याने गाडी हाकणार असाल तर भरती-ओहोटी कळली पाहिजे. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा तसंच, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटावर नेमकं येत नाही, दिवस आखायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पोरांना पाण्यापासून लांब ठेवा. गाडी पुळणीवर तर कधीच उतरवू नका. चाक रुततं हे झालंच, पण वाळूत घरटं असेल तर ते चिरडतं.

खाड्या ओलांडायला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. घाटातली वळणं टळतात आणि ज्या पोरांना गाडी लागते त्यांचा जीव भांड्यात पडतो. बोटीच्या कठड्याशी उभे राहून वर बघत जा. आमच्याकडे ज्याला काकण म्हणतात तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसेल. मासे आणि समुद्रसाप हे त्याचं खाणं, आणि उंच झाडावरचं तेच घरटं तो वर्षानुवर्षं वापरतो.

कोल्हापूरची सून, माहेर देवरुख

आमची सहल उलटी. माहेरी आठवडा काढून आंबा घाट चढून चांदोली. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 317 चौरस किलोमीटर, आणि 2010 पासून कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. गवे बघायला जा. उद्यानासाठी उठलेल्या गावांची जुनी शेतं आता गवताची माळरानं झाली आहेत आणि गवे तिथे चरतात. माझ्या सासूबाईंनी एका पडक्या जोत्याशी उभं राहून तुळशीवृंदावनाची जागा ओळखली आणि हात जोडले. मुलं गव्यांपेक्षा त्या जोत्याबद्दल जास्त विचारत राहिली: इथले लोक कुठे गेले, त्यांची शाळा कुठे होती. जंगल राखायला कुणीतरी घर सोडलेलं असतं हे मुलांना सांगायलाच हवं.

कुडाळहून

मालवणला प्रत्येक जण जातो, पण आपण अभयारण्यात उभे आहोत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटर. खाली प्रवाळ आहे, म्हणजे जिवंत प्राणी. त्यावर पाय ठेवला की तो मरतो. बोटवाल्याने "हयसर उभा रव, फोटो काढतंय" म्हटलं तरी नको म्हणा. मे महिन्यात पाणी गढूळ असण्याची शक्यता असते, प्रवाळच बघायचं तर हिवाळा बरा.

उन्हाळ्यात लहानांना वेंगुर्ल्याची कांदळवन सफर दाखवा. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवतात आणि झाडं ओळखायला शिकवतात. चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं, आणि कांदळाचं रोप, जे आईच्या फांदीवरच रुजतं आणि मग खाली चिखलात पडतं. माझ्या पुतणीने पाण्यावर तरंगणारं एक रोप उचलून चिखलात उभं रोवलं. होडीवरच्या काकी म्हणाल्या, "जगतला ता, पुढच्या वर्षी बघूक ये." तेव्हापासून तिचा पुढच्या मे महिन्याचा बेत ठरलेला आहे.

वेळ असेल तर परतीला आंबोली. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात जो छोटा मासा आहे तो जगाला नवा म्हणून 2020 मध्ये नोंदला गेला आणि ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. वाकून शांतपणे बघितलं की दिसतो.

पुण्याहून, आजी

सगळं वाचून विचारते आहे. गुडघे दुखतात, तरी नातवंडांबरोबर जायचं आहे. फणसाड मला जमेल का?

धागा काढणारी

काकू, जमेल. पाणवठ्यापर्यंत चढउतार फार नाही, पण वाट दगडधोंड्यांची आहे, त्यामुळे काठी आणि पकड असलेले बूट हवेत. पहाटे निघा, दहाच्या आत परत या, आणि सुपेगावात पोचल्यावरच सांगा की जवळच्या पाणवठ्यावर बसायचं आहे, लांब चालायचं नाही. वाटाडे त्याप्रमाणे नेतात. बसायला एखादी चटई, कोकम सरबताची बाटली, आणि अंगावर भडक रंग नकोत. मुलांना थोडं पुढे जाऊ द्या. माझ्या सासूबाई त्या दिवशी मागे एकट्याच बसून राहिल्या होत्या आणि भेकर त्यांनाच दिसलं.