मदत हवी आहे: २२ जणांच्या कॅम्पसाठी मोठं पातेलं कोणतं घ्यावं?

पाठपिशवी
नमस्कार मंडळी. २२ जणांचा दोन रात्रींचा मुक्काम आहे, स्वयंपाक उघड्यावर. शेवटचा अर्धा तास सामान हातात न्यावं लागणार. एका बर्नरची गॅस शेगडी आहे, तिच्यावर ३ किलोवॅट लिहिलंय. गॅस संपला तर तीन दगडांची चूल. जेवण साधंच: भात आणि रस्सा, नाहीतर सगळं एकत्र शिजवलेलं काहीतरी. शिवाय सकाळी सगळ्यांना गरम पाणी.
२० लिटरचं एकच पातेलं घ्यावं की दोन लहान? स्टील की ॲल्युमिनियम? उभट की पसरट? भांडं एकदाच घ्यायचंय, म्हणून सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

जाडबूड
आधी मापाचं बघू. दिवसभर चालून आलेला माणूस एकत्र शिजवलेलं जेवण साधारण ६०० मिली खातो. २२ जणांचं सव्वातेरा लिटर झालं. पातेलं काठोकाठ भरून शिजवता येत नाही, वरचा चौथा भाग रिकामा लागतो. नाहीतर उतू जातं आणि ढवळताना बाहेर सांडतं. म्हणजे एकच घ्यायचं तर १८ लिटरचं. दुकानात लिहिलेलं माप बहुतेकदा काठापर्यंतचं असतं, हे लक्षात ठेवा.

आता आकार. ३४ सेमी रुंद आणि २० सेमी उंच पातेलं १८ लिटरचं, आणि २८ सेमी रुंद, २९ सेमी उंचही जवळपास १८ लिटरचंच. पण पहिल्याचा तळ दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट. पातळ सूप किंवा नुसतं पाणी असेल तर उभट चालतं, कारण गरम पाणी आपोआप वर जातं आणि थंड खाली येतं. दाट पदार्थात हे फिरणं थांबतं. खालचा थर तापत राहतो, वरचा कोमटच, आणि २९ सेमी खोल भांड्यात तळापर्यंत डाव नीट फिरत नाही. बुडाला लागतं ते इथे. त्यामुळे शिजवायला पसरट. उंची रुंदीच्या साधारण ६० टक्के असलेलं भांडं सगळ्यात सोयीचं.

तरीही माझं मत दोन पातेल्यांच्या बाजूने: एक १२ लिटरचं, एक ९ लिटरचं. ३० × १७ सेमी आणि २७ × १६ सेमी अशी मापं जवळपास तेवढीच भरतात. एकात काही बिघडलं तरी दुसरं हातात राहतं, आणि कोणाला एखादा पदार्थ वर्ज्य असेल तर त्याचं वेगळं शिजवता येतं.

आधण
वरच्या सगळ्याशी सहमत, पण पातेल्याआधी शेगडीचा विचार करा. १० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३,३५० किलोज्यूल उष्णता लागते. निम्मी उष्णता पाण्यात जाते असं धरलं, झाकण ठेवलं आणि वारा नसला, तर ३ किलोवॅटच्या बर्नरला ३७ मिनिटं लागतील. ७ किलोवॅटच्या बर्नरवर तेच १६ मिनिटांत होतं. गॅस दोन्हीकडे सारखाच जळतो, दीडशे ग्रॅमच्या आसपास. वारा सुटला तर हे सगळे आकडे विसरा. आडोसा नसेल तर आधण येता येत नाही.

दुसरं म्हणजे वजन. भरलेलं १८ लिटरचं पातेलं १५-१६ किलोचं होतं. छोट्या डब्यावर बसणाऱ्या बर्नरवर ते ठेवूच नका. एक तर कलंडतं, आणि रुंद तळावरून परतणारी उष्णता थेट गॅसच्या डब्यावर येते. त्यात कोणी चारी बाजूंनी आडोसा लावला तर डबा फुटायची वेळ येते. नळीने जोडलेली, बुटकी, पाय फाकलेली शेगडी हवी, आणि आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला.

पाठपिशवी
शेगडी नळीचीच आहे, बुटकी. बर्नरची ज्योत मात्र साधारण १० सेमीच्या गोलात येते. ती ३० सेमीच्या पातेल्याला पुरेल का? आणि धातूचं अजून कोणी सांगितलं नाही.

जाडबूड
या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. १० सेमीची ज्योत ३० सेमीच्या तळाखाली असली की मधला भाग भडकतो आणि कड गार राहते. उष्णता आडवी किती पसरते ते धातूवर ठरतं. शुद्ध ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास १५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. भांड्यांसाठी वापरतात ते मिश्रधातू थोडे कमी पडतात, तरी स्टीलच्या कितीतरी पुढे. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या नेमक्या मापाचं काळं वर्तुळ उमटतं ते याच कारणाने.

वजनाचाही हिशोब बघा. ३० × १७ सेमीचं ३ मिमी जाड ॲल्युमिनियमचं पातेलं झाकणाशिवाय पावणेदोन ते दोन किलो भरतं. तेवढ्याच वजनात स्टील जेमतेम १ मिमीचं येतं. हातात न्यायचंय आणि बर्नर लहान आहे, म्हणून ॲल्युमिनियमच घ्या, ३ मिमीचं, जमलं तर ॲनोडाइज्ड, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर तयार केलेलं. साध्या ॲल्युमिनियममध्ये टोमॅटो, चिंच, लिंबू फार वेळ उकळू नये आणि उरलेलं त्यात ठेवू नये. आंबटाने धातू सुटतो, चव बदलते. ॲनोडाइज्ड थराला ते चालतं, फक्त धातूच्या उलथन्याने खरवडू नका आणि सोडा लावून घासू नका. १.५ मिमीच्या आतलं पत्र्यासारखं पातेलं घेऊच नका. तळ फुगतो आणि मग ते शेगडीवर डुगडुगत बसतं.

सरपण
चुलीचा विषय निघाला म्हणून थोडा विरोध नोंदवतो. लाकडावर शिजवायचं असेल तर मी स्टील घेईन. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि फुंकून लाल केलेले निखारे त्याहून गरम असतात. आत पाणी असेपर्यंत काही होत नाही, पण रिकामं किंवा आटलेलं पातेलं विस्तवावर विसरलात तर तळ बसलाच.

स्टील घेताना तळाला ॲल्युमिनियमची चकती बसवलेलं मिळतं, ते उलटं करून बघा. चकती तळापेक्षा दोन-तीन सेमी लहान असेल तर तेवढी कड नुसत्या पातळ स्टीलची राहते. चुलीचा जाळ नेमका तिथे चाटतो आणि कडेने गोल करपतं. शिवाय असं पातेलं कोरडं तापवून त्यात गार पाणी ओतलं की दोन धातू वेगवेगळे आखडतात आणि चकती सुटायला लागते. कल्हईचं पितळी भांडं कोणी सुचवण्याआधी सांगतो: कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. पाण्याविना जाळावर ठेवलं की कल्हई गेली.

चुलीवर ठेवायच्या आधी बाहेरून ओल्या साबणाचा पातळ हात फिरवा, काजळी नंतर पाण्याने निघते. आणि राखेने स्टील घासायला हरकत नाही, ॲल्युमिनियम मात्र राखेतल्या क्षाराने काळवंडतं.

आधण
सरपण यांचं चुलीबद्दलचं बरोबर, पण इथे चूल अडीअडचणीला आहे. गॅस मुख्य असताना चुलीसाठी भांडं निवडू नये. ॲल्युमिनियमच.

कडीकोयंडा
कानांबद्दल कोणीच बोललं नाही! १२ लिटर उकळता पदार्थ उचलताना सगळा भार कानांच्या रिव्हेटवर येतो. प्रत्येक कानाला निदान दोन-दोन रिव्हेट हवेत, आणि कान इतका मोठा की जाड कापड गुंडाळलेली चार बोटं आत जातील. तारेचे बारीक कान तापतात आणि बोटांत रुततात. वरून लटकवायची कडी असेल तर उत्तम, पण ती उभी राहून थांबते का ते बघा. जी कडी लगेच काठावर पडते ती ज्योतीच्या बाजूला पडून लालबुंद होते. बाजूला प्लास्टिकची मूठ असलेलं अजिबात नको.

झाकण पातेल्याच्या काठात बसणारं हवं, वर नुसतं ठेवलेलं नको. वाऱ्यात फरक कळतो.

पाठपिशवी
सगळ्यांचे आभार. १२ आणि ९ लिटर, ॲल्युमिनियम, ३ मिमी असं ठरवतोय. २२ जणांचा भात ९ लिटरमध्ये होईल ना? घरच्यासारखं एकास दोन पाणी घालायचं का?

जाडबूड
रस्सा सोबत असेल तर माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरा, पावणेदोन किलो. शिजून सव्वासहा लिटरच्या आसपास होतो, ९ लिटरमध्ये नीट मावतो. पाणी मात्र कमी करा. वाफ होऊन उडणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही, ते भांड्याची रुंदी आणि वेळ यांवर असतं. त्यामुळे मोठ्या भाताला मापाने एकास दीड-पावणेदोन पुरतं. एकास दोन घातलंत तर खालचा गाळ आणि वरचा मोकळा, असा दोन प्रकारचा भात मिळेल. पाणी आधी उकळा, मग तांदूळ टाका, तळापासून एकदाच ढवळा आणि आंच अगदी बारीक करा. बर्नर बारीक होत नसेल तर मधे जुना लोखंडी तवा सरकवा. पाणी दिसेनासं झालं की उतरवून १५ मिनिटं झाकून ठेवा.

उंचावर जाणार असाल तर दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. ३००० मीटरवर ते ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे तांदळाला वेळ जास्त लागतो आणि कडधान्यं साध्या पातेल्यात शिजायची वाट बघू नका.

आधण
उरलेल्याबद्दल एक. मोठं पातेलं झाकून रात्रभर ठेवायची सवय असते, ती इथे मोडा. १० लिटर दाट पदार्थ मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या दरम्यानच जंतू वाढतात. भातातले काही जंतू तर असं विष तयार करतात की पुन्हा उकळूनही ते जात नाही. उरलेलं पसरट ताटांत पाचेक सेमीच्या थरात काढून लगेच गार करा. शीतपेटी नसेल तर दोन तासांच्या आत संपवा किंवा टाकून द्या. बेताचंच शिजवलेलं बरं.

पाठपिशवी
कळलं. दोन्ही पातेली एकात एक घालून नेता येतील, बरोबर?

कडीकोयंडा
रुंदीवरून तसं वाटतं, पण लहान पातेल्याचे बाहेर आलेले कान मोठ्याच्या काठावर अडकतात. मग लहान अर्धवट वर राहतं आणि मोठ्याचं झाकण बसत नाही. लहानाला दुमडणारी कडी असेल तरच ते पूर्ण आत जातं. दोन्ही पातेली दुकानातच एकात एक घालून, वरून झाकण लावून बघा. आणि मधे एक फडकं ठेवा. वाटेत घासून ॲनोडाइज्ड थर जातो.

सरपण
अजून एक काम करून घ्या. घरी आल्यावर पातेल्यात मोजून दोन-दोन लिटर पाणी ओता आणि लाकडी कालथ्याच्या दांड्यावर प्रत्येक वेळी खाच पाडा. दोन पातेल्यांच्या खाचा दांड्याच्या दोन वेगळ्या बाजूंना. अंधारात मोजपात्र शोधत बसावं लागत नाही.