साताऱ्यातील घरासाठी सौर पॅनेल किती लागतील: दहा, सहा की चार?

गडपायथा:
सातारा शहरात आमचे स्वतंत्र घर असून घरात पाच माणसे आहेत. छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी दोन पुरवठादारांना बोलावले होते. पहिल्याने गिझर (२,००० वॅट), एसी (१,५०० वॅट), इस्त्री (१,००० वॅट) आणि मिक्सर (७५० वॅट) यांची बेरीज करून ५,२५० वॅटचा भार काढला आणि त्यासाठी ५४० वॅटची दहा पॅनेल सुचवली. दुसऱ्याने कोणताही हिशेब न मांडता सहा पॅनेल पुरेशी होतील असे सांगितले. मी स्वतः मे महिन्याच्या ३४५ युनिटांना तीसने भागले, तेव्हा रोजची साडेअकरा युनिट आली; एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला चार युनिट देतात असे धरले, तर माझेही उत्तर सहाच्या आसपास येते. तरीही हिशेबाची ही पद्धत बरोबर आहे की नाही, याबद्दल मनात शंका आहे.

गेल्या बारा महिन्यांचा वापर जानेवारीपासून क्रमाने असा आहे: २०५, २१०, २६५, ३३०, ३४५, २७०, २२५, २२०, २२५, २५०, २१५, २००. पुढील वर्षी आई-वडिलांच्या खोलीत एसी बसवण्याचा आणि विजेवर चालणारी स्कूटर घेण्याचा विचार आहे. स्कूटर रोज साधारण पंचवीस किलोमीटर चालेल.

वीजमोजणी:
पहिल्या पुरवठादाराने वॅट आणि युनिट यांची गल्लत केली आहे. उपकरणांच्या वॅटची बेरीज केल्यास ती सर्व एकाच क्षणी चालू असताना किती भार येईल एवढेच कळते, आणि त्याचा उपयोग वायरची जाडी व मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीसाठी मान्य केलेला कमाल भार) ठरवण्यासाठी होतो. युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालल्यावर जळणारी वीज; दोन हजार वॅटचा गिझर सकाळी अर्धा तास चालला तर एकच युनिट जळते. त्या एका युनिटासाठी दोन किलोवॅटची पॅनेल लावणे म्हणजे सणाला पाहुणे येतात म्हणून वर्षभर मंगल कार्यालय भाड्याने घेण्यासारखे आहे. दहा पॅनेल बसवल्यास वर्षाला सुमारे ७,५०० युनिट तयार होतील, आणि आपला वापर त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे.

आपल्या हिशेबातील चूक वेगळी आहे. आपण सर्वाधिक वापराचा महिना धरलात, परंतु नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) असताना एका महिन्यात जास्त झालेली वीज महावितरणकडे जमा होऊन पुढच्या महिन्यांत वळती होते, त्यामुळे वर्षाची बेरीज पाहणे योग्य ठरते. आपली बेरीज २,९६० युनिट आहे. धूळ, उष्णता, वायरमधील घट आणि पावसाळा जमेस धरून आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात, असे मी धरतो. त्यानुसार २.११ किलोवॅट, म्हणजे ५४० वॅटची चार पॅनेल, आजच्या वापराला पुरतील. पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेत पॅनेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात, तर एप्रिलच्या दुपारी गच्चीवरील पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापते. छापील आकड्याला सूर्यप्रकाशाच्या तासांनी थेट गुणू नये ते यासाठीच.

आता नव्या वापराकडे पाहू. स्कूटरला चार्जिंगमधील घट धरून शंभर किलोमीटरला सुमारे तीन युनिट लागतात, म्हणजे महिन्याला २२-२३ आणि वर्षाला २७० युनिट. दुसरा एसी उन्हाळ्यातील सत्तर रात्री चालला आणि एका रात्रीला साडेसहा युनिट धरली, तर आणखी ४५० युनिट होतात. एकूण ३,६८० युनिटांसाठी २.६३ किलोवॅट लागतील, म्हणून मी पाच पॅनेल सुचवेन.

सौरसोबती:
वरील गणित मान्य आहे, पण ते सावली नसलेल्या गच्चीचे आहे. पाण्याची टाकी कोणत्या बाजूला आहे, हे आपण लिहिलेले नाही. साताऱ्यात २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. गच्चीपासून दोन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली त्या वेळी उत्तरेकडे पावणेदोन मीटर पडते, आणि सकाळी नऊला किंवा दुपारी तीनला ती याहून बरीच लांबते. पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेली असल्याने एकावरच्या सावलीचा फटका पूर्ण ओळीला बसू शकतो. अशा जागी सहावे पॅनेल बसवण्यापेक्षा चार पॅनेल उन्हात बसवलेली बरी. तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते १८ अंश ठेवावा.

एका पॅनेलला सुमारे २.६ चौरस मीटर जागा लागते. पाच पॅनेलना १३ चौरस मीटर, आणि धुण्यासाठी फिरण्याची वाट त्याखेरीज. याशिवाय, बॅटरी नसलेली यंत्रणा भारनियमनाच्या वेळी ऊन असले तरी बंद पडते, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे उपकरण) स्वतःहून बंद होतो. अनेकांना हे पॅनेल बसवल्यानंतर कळते.

कऱ्हाडकर:
वर्षाची बेरीज हा पाया योग्य आहे, परंतु ते वर्ष जानेवारीपासून नव्हे, एप्रिलपासून मोजायला हवे. जमा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि उरलेल्या युनिटांचे पैसे कमी दराने मिळतात. त्यामुळे हिवाळ्यात साठलेली वीज पुढच्या एप्रिल-मेमधील एसीला वापरता येत नाही.

आपल्या आकड्यांवरून नव्या वापरासह एप्रिल ते सप्टेंबर या काळात २,२०० युनिट आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात १,४८० युनिट लागतील. पाच पॅनेल पहिल्या सहामाहीत, पावसाळा असल्यामुळे, अंदाजे १,७०० आणि दुसऱ्या सहामाहीत २,०५० युनिट देतील. म्हणजे कागदावर वर्षाचा मेळ बसत असला, तरी आधी सुमारे ५०० युनिटांचे बिल भरावे लागेल आणि नंतर तितकीच युनिटे स्वस्तात जातील. चार पॅनेलवरच हिवाळ्याची गरज भागते. पाचव्या आणि सहाव्या पॅनेलच्या प्रत्येकी साडेसातशे युनिटांपैकी साधारण ३४० युनिटेच आपल्या बिलातून कमी होतील. शिवाय मोठे दर आधी वाचतात: पहिली पॅनेल तीनशेच्या वरच्या टप्प्यातील युनिटे खातात, शेवटचे पॅनेल शंभर ते तीनशेच्या टप्प्यातील, आणि पावसाळ्यात तर शंभरच्या आतली. स्थिर आकार काहीही केले तरी राहतोच.

माझ्या मते एसी नक्की असेल तर पाच, नसेल तर चार. सहावे पॅनेल अनुदानासाठी घेऊ नये. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात, एकूण मर्यादा ७८,००० रुपये. त्याच प्रमाणात धरल्यास पाच पॅनेलच्या २.७ किलोवॅटवर ७२,६०० रुपये होतात. सहाव्यामुळे त्यात फक्त ५,४०० रुपयांची भर पडते.

गडपायथा:
सर्वांचे आभार. मी आज सकाळी नऊ वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या रेषा आखल्या. टाकी आग्नेय कोपऱ्यात असून तिची सावली पश्चिमेकडील भागावर येत नाही, आणि तेथे पाच पॅनेल सहज बसतात. आईला उन्हाळ्यात दम्याचा त्रास होत असल्यामुळे एसी घ्यायचाच आहे, म्हणून पाच पॅनेलवर आलो आहे. बिलावरील मंजूर भार दोन किलोवॅट आहे. तो वाढवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल का?

वीजमोजणी:
२०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत झालेल्या सुधारणेनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या छतावरील यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही आणि आवश्यक तेवढी भारवाढ वितरण कंपनीनेच करून द्यायची असते. पुरवठादाराने त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. आणि अनुदान हवे असल्यामुळे पॅनेल देशांतर्गत बनावटीची आहेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. ही अट पॅनेलच्या आतील सेलनाही (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या चकत्यांनाही) लागू असल्याने केवळ पॅनेल भारतात जोडलेले असून चालत नाही.