समासातला आकडा वचन म्हणून ठोकून दिला! (बायबल वाचताना टीपा, समास, शब्दसूची... तुमचे अनुभव)

टीपकागद : काल कपाट आवरताना आजोबांचं जुनं इंग्रजी बायबल हाताला लागलं आणि चौदाव्या वर्षीची फजिती आठवली. अभ्यासवर्गात मी छाती काढून म्हणालो होतो, "जग इ.स.पू. ४००४ मध्ये निर्माण झालं, बायबलमध्येच लिहिलंय." शिकवणाऱ्या काकांनी पुस्तक मागितलं. उत्पत्तीच्या पहिल्या वचनाशेजारी, समासात मुंगीएवढ्या टायपात आकडा होताच. काकांनी त्यावर नख टेकवलं. "हे वचन आहे, की वचनाच्या शेजारी राहायला आलंय?" वर्ग फिदीफिदी. तो हिशेब सतराव्या शतकातल्या आर्चबिशप अशर यांचा, आणि १७०१ पासून तो इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला, हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून आधी मजकूर, मग टीप. पण टीप सोडवतही नाही. तुमचं काय?

रात्रपाळी : हाहा. मी तर तिरप्या अक्षरांवर जोर देऊन वाचायचो! जुन्या इंग्रजी भाषांतरात तिरपा शब्द म्हणजे मुळात नाही, वाक्य पुरं व्हावं म्हणून घातलेला. म्हणजे मी वर्षानुवर्षं नेमक्या नसलेल्या शब्दांवर घसा ताणला. कुणी टोकलं नाही, सगळे डोळे मिटून ऐकत होते.

हिशेबनीस : माझ्यासाठी एका तळटिपेने अख्खा दाखला उघडला. मत्तय १८. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ होतं आणि तोच बाहेर पडून शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. तालांत मोठा, दिनार लहान, एवढंच डोक्यात होतं. टीप म्हणाली, दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. कागद घेतला. एक तालांत फेडायला वीस वर्षं. दहा हजार फेडायला दोन लाख वर्षं! आणि हा म्हणतोय, "मला वागवून घ्या, सगळं फेडीन." उलट शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी, तीही काही चिल्लर नव्हे. दुखतं तिथेच. कागद अजून त्या पानात आहे.

सुईदोरा : टीपा बुडवतातही हो. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे येशूचं वाक्य घ्या. एका पुस्तकात वाचलं की यरुशलेमेत त्या नावाचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवलं की उंट गुडघ्यांवर सरकत आत जायचा. इतकं गोड वाटलं की मुलांच्या वर्गात कितीदा सांगितलं! असा दरवाजा असल्याचा काही पुरावाच नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू? ती मुलं आता स्वतः शिकवतात.

रात्रपाळी : @सुईदोरा ताई, म्हणजे उंट अजून अडकलेलाच 😄

मुकादम : माझ्या नव्या प्रतीत मत्तय १७ मध्ये २० नंतर थेट २२. छपाईची चूक समजून बदलून मागायला निघालो होतो. बायको म्हणाली, खाली बारीक काय लिहिलंय ते तरी बघ.

टीपकागद : @मुकादम बरोबर. वचनांचे आकडे एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक नव्या करारात घातले. नंतर जास्त जुनी हस्तलिखितं मिळाली, त्यांत ते वाक्य नव्हतं. वाक्य तळाशी गेलं. पुढचे आकडे कोण बदलणार, म्हणून खाच राहिली.

बोटभर : फोनवर शब्दावर बोट ठेवलं की मूळ ग्रीक शब्द येतो. लागलंच व्यसन. 'अगापे' म्हणजे दैवी प्रेम, 'फिलेओ' म्हणजे आपलं मैत्रीतलं, असं योहान २१ वर, येशू पेत्राला 'माझ्यावर प्रीती करतोस का' विचारतो त्यावर, झकास बोललो. खाली उतरल्यावर एका आजींनी हळूच विचारलं, "मग पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे?" बघितलं. योहान ३:३५ ला एक शब्द, ५:२० ला दुसरा. आजींकडे फोनही नव्हता.

हिशेबनीस : आजींना दंडवत.

सुईदोरा : टीपांची धास्ती राजालाही होती बरं का. १५६० च्या जिनीव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरातल्या टीपा इंग्लंडच्या जेम्स राजाला झोंबल्या. सुइणींनी इब्री मुलगे मारण्याचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम मोडला ते योग्यच, असं एका टीपेत होतं. मग त्याच्या १६११ च्या भाषांतरात शब्दार्थ आणि संदर्भांपलीकडे टीपा नकोत असा नियम. बाकी नंतर, दार वाजतंय.

मुकादम : टीपकागद, आजोबांच्या प्रतीची बांधणी शाबूत आहे का? आमच्या घरची पार सुटलीय, स्तोत्रसंहिता हातात येते.

टीपकागद : पाठीचं कापड गेलंय. आत्ता तुमच्यामुळे पुन्हा उघडलं तर ४००४ च्या शेजारी आजोबांचं पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह! वर्गात जाताना दिसलं असतं तर...

मुकादम : सेलोटेप लावू नका मात्र. आमच्या वडिलांनी लावली, पिवळी पडून अक्षरांसकट निघाली.

टीपकागद : अरे देवा. कालच लावली.