बाबांच्या जनता घड्याळाची डायल रंगवून घेऊ का?

मिहीर_नगर:
नमस्कार मंडळी, बाबांची एचएमटी जनता परवा कपाटात सापडली, पहिल्या पगारातून घेतलेली, १९७८ ची. चावी दिली आणि लगेच टिकटिक सुरू, अंगावर काटाच आला! डायल सायीसारखी पिवळट झालीये आणि सहाच्या आकड्याशी एक डाग आहे. घड्याळवाला म्हणतो रंगवून देतो, नव्यासारखी दिसेल. शिवाय घड्याळ दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे पळतंय. काय करू? मे महिन्यात ताईचं लग्न आहे, तेव्हा हेच घालायचंय.

सतरा_ज्वेल:
मिहीर, डायलला हात लावू देऊ नकोस रे. मी आजोबांच्या फेवर ल्युबा या स्विस घड्याळावर हीच चूक केली, हौसेने रंगवायला दिलं आणि परत आलं तेव्हा अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, आणि मूळ छपाई खरवडून टाकलेली, ती आता कुठून आणू? परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, लांबूनच ओळखतात. तो पिवळेपणा बाबांच्या मनगटावरचा आहे, राहू दे. काच प्लॅस्टिकची असते, तिच्यावरचे बारीक ओरखडे टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासलेस तरी जातील.

चावीवाली_सांगली:
डायलबद्दल वरच्या दादांशी १००% सहमत. पुढे पळण्याचं म्हणाल तर आधी चुंबकाचा संशय घ्या, मोबाईलच्या कव्हरात चुंबक असतं त्याच्याजवळ ठेवलं होतं का? हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आखूड पडल्यासारखी होते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं मागे-पुढे हलणारं चाक, भराभर हलतं. साधं होकायंत्र जवळ धरून बघा, सुई हलली तर घड्याळजीकडे चुंबकत्व काढून टाकणारा डीमॅग्नेटायझर असतो, मिनिटभराचं काम. तरी नाही थांबलं तर सर्व्हिसिंग करा, तेल वाळलेलं असणारच. चावी रोज एकाच वेळेला द्या, सकाळी चहाच्या आधी वगैरे, आणि अडली की तिथेच थांबा, जोर नको.
माझ्याकडे सासऱ्यांची एचएमटी कांचन आहे, ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी, हातात घातली की आतला रोटर, म्हणजे फिरतं वजन, फिरतो तो मनगटाला जाणवतो, इतकं छान वाटतं ना!

मिहीर_नगर:
सगळ्यांचे मनापासून आभार! चुंबकच होतं, मोबाईलच्या कव्हरावर ठेवायचो मी. आता दिवसाला अर्धा मिनिट पुढे, तेवढं चालेल. आणि एक सांगायचंय, घड्याळजींनी मागचं झाकण उघडून भिंगाखाली धरलं तर आतल्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे, ८४, ९१, ९७. म्हणाले प्रत्येक सर्व्हिसिंगला कारागीर खूण करून ठेवतो. ९१ साली मी जन्मलो. त्यांनी त्याखाली या वर्षाचा आकडा कोरला, मला बघू दिलं. डायल तशीच ठेवलीये, डागासकट.